एका तारखेच्या तीन लढाया

मी पोटापाण्यासाठी मरतो. रोज संध्याकाळी तीनदा मरतो आणि रविवारी दोन खेळ असले की त्याच्या दुप्पट. शेजारीपाजारी विचारतात, काय काम करता, तर मी सांगतो, नाटकात आहे. मग ते विचारतात, भूमिका कसली, आणि मी विषय बदलतो.

शहराबाहेरच्या मैदानावर आमचा खेळ चालतो. वर्षातल्या एकाच तारखेला, वेगवेगळ्या शतकांत, आपल्या सैन्याने तीन लढाया जिंकल्या, त्या एका तिकिटात दाखवायच्या ही आमच्या दिग्दर्शकांची कल्पना. त्यांना आम्ही साहेब म्हणतो. आयुष्यात शिट्टीशिवाय दुसरं हत्यार त्यांनी हातात धरलेलं नाही, पण चालणं असं की सरसेनापतीनेही बाजूला व्हावं. बाहेर कॅलेंडर काहीही म्हणो, फाटकाच्या आत रोज तीच तारीख. पहिल्या लढाईत मी भाला घेऊन पडतो, दुसऱ्या लढाईत लाल कोट घालून तोफेपुढे पडतो आणि मग खाकी चढवतो. जिंकणाऱ्या बाजूलाही मढी लागतातच, ती आम्ही पुरवतो.

आमच्यात एकच नियम कडक आहे. शिट्टी वाजेपर्यंत मेलेल्याने हलायचं नाही. एकदा एकाच्या नाकावर माशी बसली, तो सणसणीत शिंकला आणि पुढच्या रांगेतली पोरं खदाखदा हसली. साहेबांनी त्याला तिथल्या तिथे घरचा रस्ता दाखवला. तेव्हापासून तोंडावरून मुंग्या फिरल्या तरी आम्ही ढिम्म पडून असतो.

तिसरी लढाई यंदाच नवीन घातली. ती काही फार जुनी नाही. माझा दादा त्याच लढाईत गेला.

तेव्हा मी शाळेत होतो. दोन अधिकारी घरी आले, खुर्चीच्या कडेवर बसले, पाणी प्यायले आणि आईला म्हणाले, "छातीवर गोळी लागली. जागच्या जागी गेला. त्याला काही कळलंसुद्धा नसेल." त्या शेवटच्या वाक्यावर आईने पुढची सगळी वर्षं काढली. कुणी भेटायला येऊन रडायला लागलं, तर तीच त्यांची समजूत घालायची, "त्याला काही कळलं नाही हो." दादाचा फोटो पुसतानाही ती हेच पुटपुटायची. मला त्या वाक्याचा कधीकधी राग यायचा, पण तिचा संसार त्याच्यावर उभा होता.

खरं काय झालं ते मला तालमीत कळलं. साहेबांनी म्हाताऱ्या सेनानींना भेटून ही लढाई जशीच्या तशी बसवली होती. शत्रू पाठीवर, नदीवर एकच पूल. सगळी फौज अलीकडे आली आणि शेवटची तुकडी मागे राहिली. ती धावत पुलावर आली. हात वर करून ओरडत होती, "थांबा, आम्ही आहोत!" अलीकडच्यांना दिसत होतं, ऐकूही येत होतं. त्यांनी पूल उडवला. शत्रू अडला, लढाई जिंकली आणि हुकूम देणाऱ्याच्या छातीवर पदक लागलं. ती शेवटची तुकडी म्हणजे दादाची. पहिल्या तालमीनंतर मी कपडेपटामागे जाऊन ओकलो. तोंड धुतलं आणि दुसऱ्या तालमीला उभा राहिलो, कारण काम सोडलं तर घरी खाणार काय? आईला सांगितलं, नव्या लढाईत मी नुसते घोडे धरतो.

झाकली मूठ तशीच राहिली असती. पण कपडेपटातल्या बाईंनी साहेबांना कौतुकाने सांगितलं, ह्याचा सख्खा भाऊ त्याच तुकडीत होता. साहेबांनी मला मिठीच मारली.

"अरे गाढवा, हे आधी नाही सांगायचं? पहिल्या खेळाला आई मधल्या खुर्चीत! वर्तमानपत्रवाले येणार आहेत."

"साहेब, तिला नका बोलावू. तिला वेगळं सांगितलंय. गोळी लागली म्हणून."

"मग आता खरं कळेल. बरंच आहे की."

"निदान आम्हाला पुलाच्या आधी गोळ्या लागून पडू द्या. एवढं बदला."

साहेबांचा चेहरा देवळात चप्पल घालून शिरल्यासारखा झाला, म्हणजे मी शिरल्यासारखा. "इतिहास आहे तो. त्यात ढवळाढवळ नाही."

"दुसरी लढाई आदल्या दिवशी झाली होती, साहेब. आपण ती ह्या तारखेला आणली."

"एक दिवस इकडचा तिकडे, कुणाचं काय बिघडतं?" असं म्हणून ते आईसाठी गाडी सांगायला गेलेसुद्धा.

घरी मी आईला हरतऱ्हेने सांगून पाहिलं. धूळ असते, आवाज असतो, तुझे गुडघे दुखतील. तिने कपाटातली ठेवणीतली साडी काढली होती. "दादाच्या लढाईला बोलावलंय मला," ती म्हणाली. "आणि तू कसा पडतोस ते तरी बघू दे एकदा." 

मग मी माझ्यापुरता एक बेत केला. पुलावर पाय ठेवायच्या आधीच छाती धरून पडायचं. मी आघाडीला होतो, आईची नजर माझ्यावरच असणार. तिला जे सांगितलं होतं, तेच मी तिला दाखवणार होतो. नोकरी गेली तर गेली.

पहिल्या दोन लढाया झकास झाल्या. कपडे बदलताना कनातीच्या फटीतून मी पाहिलं, तर आई शेजारच्या बाईला सांगत होती, "तो उताणा पडला ना, तो माझा धाकटा." इतक्या अभिमानाने ती माझ्याबद्दल कधी बोलली नव्हती. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही.

तिसरी सुरू झाली. भोंग्यातून निवेदकाचा घोगरा आवाज आला, शत्रूच्या तोफा सुरू झाल्या, आम्ही पुलाकडे धावलो. पुलाच्या तोंडाशी मी छाती धरली आणि कोसळलो. डोळे किलकिले करून बघितलं. आईने मान हलवली, सगळं तिला ठाऊक होतं तसंच घडत होतं. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात लंबू माझ्यावर वाकला. लंबू म्हणजे माझ्या शेजारी मरणारा, जिवाला जीव देणारा माणूस. त्याला वाटलं मला चक्कर आली. नियम असा होता की पुलाआधी पडलेल्याचे पैसे कापणार, आणि माझे पैसे कापले जाऊ नयेत म्हणून त्याने मला बगलेत धरून उभं केलं. "ऊठ रे," तो कानात म्हणाला, "आपलं मरण अजून पुढे आहे." मी अंग सोडून दिलं तर त्याने फरफटत मला पुलाच्या मध्यावर नेलं, स्वतःच्या हाताने माझा हात वर धरला आणि आम्हा दोघांच्या वाटचं ओरडला, "थांबा, आम्ही आहोत!"

पूल उडाला. धूर, फळ्या, कानठळ्या. आम्ही पडलो. भोंगा म्हणाला, "या एका निर्णयाने हजारो प्राण वाचले!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या टाळ्यांत आई उठली. लोकांना वाटलं ती मानवंदना द्यायला उठली, म्हणून तेही उठले. ती दोर ओलांडून मैदानात आली, फळ्यांतून वाट काढत माझ्यापाशी बसली. साहेब शिट्टी ओठांत धरून उभे होते, पण वाजवत नव्हते. असा प्रसंग त्यांना तालमी घेऊनही बसवता आला नसता.

आई माझ्या कानाशी वाकली. "त्यांना हाका ऐकू येत होत्या?"

खोटं बोलायचं तर तोंड नीट उघडावं लागतं. मी ओठ न हलवता म्हणालो, "हो."

"दिसतही होते?"

"हो, आई."

 माझ्या कपाळावरची राख तिने पदराने पुसली, आणि लोक हुंदके देत टाळ्या वाजवत राहिले. बऱ्याच वेळाने शिट्टी झाली.

खेळ संपल्यावर साहेबांनी तिला आपल्या खोलीत बसवलं, स्वतः पंखा तिच्याकडे वळवला. त्यांचे डोळे खरंच ओले होते, हे कबूल करायला हवं. "आई, रोज याल? गाडी पाठवीन, मानधन देईन. पूल उडाला की आज गेलात तसंच चालत जायचं, बस."

मी पुढे सरसावलो. त्या माणसाचा गळा दाबायचा, एवढंच मनात होतं. आईने माझी बाही धरली.

"येईन," ती म्हणाली. "पण मला पूल उडायच्या आधी जाऊ द्या."

"छे, छे! तेव्हा तिथे दारू लावलेली असते. जिवाला धोका आहे."

"तेव्हाच कुणीतरी जायला हवं होतं," आई म्हणाली.

 साहेबांनी ते वाक्य दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, आणि अगदी हळुवार आवाजात विचारलं, "हेच माइकवर म्हणाल का?"