बापाच्या देखत

बहात्तर सालची गोष्ट. धरमपेठेतल्या एका दवाखान्यात शालिकरामचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं होतं. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टर अरुंधतीबाईंनी त्याला विचारलं, बिडी-सिगरेट ओढता का? उशाशी त्याचे वडील रामाजी उभे होते. शालिकराम बिनदिक्कत नाही म्हणाला. बेचाळीस वर्षांचा माणूस, दोन पोरींची लग्नं लावून मोकळा झालेला, पण बापाच्या देखत बिडीचं नाव काढील तर शपथ. त्यांच्या खापा गावात सगळ्या घरांतून हीच रीत, आणि रीत पाळण्यात आपल्या लोकांचा हात कोण धरणार!

त्याची बायको शामला डोक्यावरचा पदर सावरत भिंतीशी उभी होती. बिड्यांचे रोजचे दोन कट्टे, म्हणजे दोन बंडलं, तिला ठाऊक होती. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बजावलं, की बिडी ओढणाऱ्याची छाती भुलीत दगा देते, काही आठवडे सोडूनच यावं लागतं, खरं काय ते सांगा. तरी सासऱ्यापुढे नवऱ्याचं बिंग फोडायला तिची जीभ रेटेना.

सकाळी त्याला आत नेलं आणि थोड्याच वेळात नर्स सुमती धावत बाहेर आली. पेशंटची छाती आवळली आहे, हवा आत जात नाही, ओठ निळे पडलेत, डॉक्टरीणबाई विचारतात दमा आहे की बिडी?

शामला पुढे झाली. "दोन कट्टे रोज," ती म्हणाली. "आज सकाळीबी ओढली."

नर्स आत पळाली. आता सासरा काय म्हणेल या धास्तीने शामलाने मान वळवली.

"मले मालूम आहे वं," रामाजी म्हणाले. "वीस वर्षांपासून. गल्लीच्या टोकावरून खोकत येतो मी घरी, त्याले बिडी विझवाले वेळ भेटावा म्हणून. आज सकाळी दवाखान्यामागं दिसला ओढताना. खोकललो अन् वापस आलो."

शामलाला कालचं आठवलं. हा माणूस काल तिथेच उभा होता, डॉक्टरीणबाईंनी बजावलेलंही ऐकत होता.

"मंग काल काहून नाही बोलले?"

"त्याची इज्जत गेली असती, परक्या बाईसमोर."

पदर डोक्यावरून घसरला तो तिने वर घेतला नाही. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच ती सासऱ्याच्या डोळ्यांत बघत होती. "मामाजी, त्यायले काही झालं तर ते आपण दोघायनं केलं."

बऱ्याच वेळाने सुमती आली. पेशंटचा श्वास सुरळीत झाला होता. ऑपरेशन मात्र रद्द, दोन महिने बिडी पूर्ण बंद करून यायचं, आणि शुद्धीवर आल्यावर हे पेशंटला घरच्यांनीच सांगायचं.

शामला उठायला लागली. रामाजींनी तिला हाताने थांबवलं.

"मी सांगतो," ते म्हणाले, "त्याच्या तोंडावर."