अर्थ अनिश्चित

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणत. जगभरातले शोधनिबंध वाचायचे, कुठल्या जनुकातल्या कुठल्या बदलाने कोणता आजार होतो ते तपासायचं आणि ऑनलाइन डेटाबेसमध्ये त्या बदलापुढे शेरा मारायचा, हे तिचं काम. निरुपद्रवी, रोगकारक, नाहीतर अर्थ अनिश्चित. कुठल्याही देशातला डॉक्टर ते पान उघडे आणि समोर बसलेल्या आईबापांना काय सांगायचं ते ठरवी. म्हणून ती डोळ्यांत तेल घालून वाचायची. पुरावा तोकडा असला, तर कुणी कितीही काथ्याकूट करो, ती 'अनिश्चित'वरून हलायची नाही.

धाकट्या भावाची मुलगी सहा वर्षांची झाली आणि जिना चढताना कठड्याला लोंबकळू लागली. तपासण्या झाल्या. रिपोर्ट हातात पडताच भावाने फोन लावला.

"ताई, तुझ्याच खात्यातलं आहे. एका जनुकात बदल सापडलाय, पण पुढे लिहिलंय अर्थ अनिश्चित. म्हणजे काही नसेलही, असंच ना?"

"नसेलही," ती म्हणाली. "बघते मी."

तिने बदलाचा क्रमांक टाकला. साऱ्या जगातून एकच नोंद निघाली, नऊ वर्षांपूर्वीची, एका पाच वर्षांच्या मुलीची. खाली शेरा तिचाच. एका घरातला एकच रुग्ण, तेवढ्यावर रोगकारक कसं म्हणणार? आजही तिने तेच लिहिलं असतं.

मग तिने त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाचा आकार स्क्रीनवर फिरवून पाहिला. बदल अगदी आतल्या घडीत होता, सगळा डोलारा जिच्यावर उभा तिथेच. इतर प्राण्यांमधल्या त्याच प्रथिनाच्या अक्षरमाळा शेजारी मांडल्या. माशापासून माणसापर्यंत त्या जागी एकच अक्षर. ते बदलणं कुणालाच परवडलेलं नव्हतं. अंदाज बांधणारे तीन प्रोग्रॅम चालवले. दोघांनी घातक म्हटलं, तिसऱ्याने कानांवर हात ठेवले.

तिने त्या जुन्या निबंधाच्या डॉक्टरांना पत्र पाठवलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं. "ती मुलगी बाराव्या वर्षी गेली. शेवटी श्वासाचे स्नायूही दमले. तिच्या धाकट्या भावातही तोच बदल निघाला, तोही मागच्या वर्षी गेला. पुन्हा लेख लिहायचं राहून गेलं. क्षमस्व."

एका घरातले दोघे, आणि आता दुसऱ्या घरातली तिची भाची. पुरावा पुरा झाला होता.

कागद घेऊन ती विभागप्रमुखांकडे गेली. "घरचं प्रकरण आहे, सर. माझा हात लागायला नको."

त्यांनी दोन दिवस घेतले. "रोगकारकच," ते म्हणाले. "सोमवारी पानावर येईल."

"थोडं थांबवता येईल?"

"किती दिवस?"

तिने टेबलावरचे कागद उचलले.

रविवारी ती भावाकडे गेली. दारातच भाची म्हणाली, "आत्या, मी आता बसून जिना उतरते. असं जास्त फास्ट उतरता येतं." तिला आत खेळायला पाठवून तिने भाऊ-भावजयीला समोर बसवलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

भाऊ टेबलाची कड खरवडू लागला. "औषध?"

"नाही अजून."

"मग अनिश्चितच राहू दे. तुझंच ऑफिस आहे ना?"

"अरे, असं होत नाही."

"एवढा एक शब्द ठेव, ताई. मी त्याच्याच आधारावर चाललो होतो."

भावजय शांतपणे म्हणाली, "कशाला त्यांच्या मागे लागताय? मला जिन्यावरच कळलं होतं. त्यांच्या कॉम्प्युटरला आत्ता कळलं, एवढंच." मग ती उठून पोरीकडे गेली.

पुढे कितीतरी महिने भावाचा फोन आला नाही. भावजय तेवढी कळवायची: बूट बदलले, शाळेचा वर्ग तळमजल्यावर घेतला, आणि वर्ष सरताना, चाकांची खुर्ची आली.

त्याच सुमारास त्या बदलाची आणखी एक नोंद तपासायला आली, दूरच्या कुठल्याशा देशातली, चार वर्षांचा मुलगा. घरचं प्रकरण म्हणून नियमाप्रमाणे तिने ती सरांकडे पाठवली. पण त्याआधी सोबतचा निबंध शेवटपर्यंत वाचला. उपचारांच्या मथळ्याखाली दोन ओळी होत्या. नवीन काही नव्हतं.