परत न आलेले पेशंट

दिलसुखनगरच्या लॅबमध्ये नवं मशीन आलं, तेव्हा मालक हर्षवर्धन यांनी त्याला हार घातला आणि नारळ फोडला. त्या दिवशी नीट तपासला गेला तो नारळच, असं डॉ. योगिनीचं मत.

गाठीत सुई घालून काढलेल्या पेशी मायक्रोस्कोपखाली बघून कॅन्सर आहे की नाही हे सांगणं, हे योगिनीचं काम. आता ते मशीन सांगू लागलं होतं, आणि मशीन किती बरोबर सांगतं हे योगिनीनं ठरवायचं होतं. म्हणजे सही करायची होती. आकडा हर्षवर्धननी आधीच काढून ठेवला होता. अठ्ठ्याण्णव टक्के.

"कसा काढलात?"

"मॅडम, मशीननं ज्यांना 'कॅन्सर नाही' म्हटलं, त्यातलं कुणी तक्रार घेऊन परत आलं? नाही ना? मग बरोबर."

"ते दुसऱ्या दवाखान्यात गेले असतील तर?"

"मग ते आपले पेशंट नाहीत. दुसऱ्यांच्या पेशंटसाठी आपली टक्केवारी कशाला बिघडवायची?"

योगिनीनं कपाळाला हात लावला आणि 'नाही' म्हटलेल्या स्लाईड स्वतः बघायला घेतल्या. त्यात प्रतापरावांच्या गळ्याच्या गाठीची एक होती. तिच्यावर नुसतं रक्त. गाठीतली एकही पेशी नाही. मशीनला कॅन्सर दिसला नाही यात मशीनचा दोष नव्हता, त्याला काहीच दिसलं नव्हतं.

तिनं फोन केला. "या ना डॉक्टरीणबाई, प्रसादाला!" पलीकडून प्रतापराव म्हणाले. "रिपोर्ट चांगला आला म्हणून सत्यनारायण घातलाय."

प्रतापरावांच्या चिक्कडपल्लीच्या घरात पाहुणे शिऱ्यावर आडवा हात मारत होते. प्रतापराव भालकीकडचे, जन्मभर बियाण्याचं दुकान चालवलेले. योगिनीनं हळू आवाजात सांगितलं, की सुई पुन्हा घालावी लागेल. हळू सांगितल्यामुळे सगळ्यांनी कान देऊन ऐकलं.

"पूजा झाल्यावर कुठं रिपोर्ट बदलतो का?" मेहुणे एकनाथराव म्हणाले.

"नक्को बाई," प्रतापराव म्हणाले. "मशीन नाही म्हणतं, मालक नाही म्हणतात. तुम्ही एकट्याच कैकू मागं लागलात?"

"प्रतापराव, बी उगवेल की नाही, हे दुकानात कसं बघायचात?"

"ओल्या फडक्यात दाणे बांधून ठेवायचे."

"आणि फडक्यात दाणेच नसले तर?"

"तर गिऱ्हाईकाला सांगायचं, एकही दाणा किडका निघाला नाही!"

सगळे खो खो हसले. प्रतापरावांची बायको भामाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी योगिनीच्या हातात प्रसादाचा द्रोण दिला आणि विचारलं, "उद्या किती वाजता आणू यांना?"

या वेळी सोनोग्राफीत बघत सुई घातली. पेशी भरपूर आल्या, आणि कॅन्सर निघाला. थायरॉइडचा, सावकाश वाढणारा, ऑपरेशननं बरा होण्यासारखा. योगिनीनं हे तीनदा समजावलं. प्रतापरावांनी 'कॅन्सर' हा शब्द तेवढा ऐकला.

"आलो तेव्हा नव्हता. तुम्ही आणलात."

"आता हे चुकलेल्यांत धरा," योगिनी हर्षवर्धनना म्हणाली.

"कसं धरू? शेवटी पकडला आपल्याच लॅबनं. म्हणजे बरोबर!"

"मग सही मशीनकडूनच घ्या," ती म्हणाली आणि अठ्ठ्याण्णव टक्क्यांचा कागद परत सरकवला. हर्षवर्धननी तो न रागावता घेतला. सही करणारे दुसरे डॉक्टर त्यांच्या माहितीत होते.

भामाबाईंनी सर्जनसाठी चिठ्ठी मागून घेतली आणि नवऱ्याचं मनगट धरून त्याला जिन्याकडे वळवलं. योगिनीला खालून प्रतापरावांचा आवाज येत होता.

"ऑपरेशन करू. पण त्याआधी एकदा मशीनला विचारू. ते भल्या स्वभावाचं आहे."

"विचारा की. आधी रिक्षात बसा."