चौतीस मजल्यांच्या खिडक्या

चौतीस मजली ऑफिसच्या नकाशावर आर्किटेक्टबाईंची सही हवी होती, आणि बाई काही सही करत नव्हत्या. इमारतीच्या मालकांनी त्यांना न विचारताच मूळ नकाशातल्या सगळ्या मजल्यांवरच्या उघडणाऱ्या खिडक्या काढून टाकल्या होत्या. वरपासून खालपर्यंत नुसती बंद काच. आज सही झाली नाही तर काम दुसऱ्याला, असा निरोपही आला होता.

बाईंच्या थोरल्या बहिणीने असल्याच काचेच्या डब्यात अकरा वर्षं काढली होती. ताई रोज घरी यायची ती कपाळ धरूनच. औषधं झाली, चष्मे बदलले. नोकरी सुटली आणि आठवड्यात डोकं दुखायचं थांबलं. तेव्हापासून बंद काच पाहिली की बाईंचं टाळकं सरकायचं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

बैठकीला चौदा जण, दार बंद, एसी घुमतोय. बाईंनी हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र टेबलावर ठेवलं आणि दहा मिनिटांचं बोलणं मुद्दाम तासभर लांबवलं. जिन्याच्या पायऱ्यांची उंचीसुद्धा सोडली नाही. यंत्रावरचा आकडा सहाशेवरून अठराशेवर चढला. आधी इंजिनियरने जांभई दिली, मग साथच आली. शेवटी खुद्द मालकांनी आ वासला.

"डोकं जड झालंय," मालक उठले. "चला, गच्चीवर बोलू. सहीही तिथेच करा."

बाई जागच्या हलल्या नाहीत. "इथेच बोलू. उद्या बाविसाव्या मजल्यावर काम करणाऱ्या मुलीने भर दुपारी कुठल्या गच्चीवर जायचं?"

"अहो, खिडक्या उघड्या टाकून एसी चालवायचा?"

"खिडकी उघडली की तिथला एसी आपोआप बंद होतो. विजेचीही बचत. माझ्या मूळ नकाशातच लिहिलंय, वाचलं असतं तर दिसलं असतं."

"बरं, निम्म्या ठेवू."

"म्हणजे निम्म्यांनी श्वास घ्यायचा आणि निम्म्यांनी जांभया द्यायच्या?" बाईंनी पेनला टोपण लावून टाकलं. "द्या काम दुसऱ्याला."

मालक तणतणत काचेपाशी गेले. सवयीने त्यांचा हात कडी शोधू लागला. कडी नव्हतीच. यंत्रावर दोन हजार झाले होते.

"जुना नकाशा आणा," ते काचेकडे तोंड करूनच म्हणाले.

नकाशा आला. बाईंनी सही करण्याआधी चौतीसही मजले एकेक करून तपासले, आणि तोवर कुणाला दार उघडू दिलं नाही.