एकोणतीस रिकामे खण

"काका, तुम्ही नुसतं माझ्या शेजारी बसायचं. कुणी विचारलंच तर मान हलवायची," मंदार म्हणाला.

"कुठल्या बाजूला?" सेतुमाधवनं विचारलं. "अमच्या चेन्नैत मान हलवली तर होय का नाही, ते बायकोलाबी कळत नाही, बा."

मंदार हसला. हा पुण्याचा पोरगा, कंपनीत इंटरनेटचे दर ठरवणाऱ्या खात्याचा साहेब. सेतुमाधव तंजावरी मराठी घरातला, अंबत्तूरला राहणारा. समुद्राखालून आलेली केबल ज्या खोलीत यंत्रांना मिळते, तिथला तंत्रज्ञ. सोळा वर्षं. परदेशी इंजिनियरांच्या खांद्यावरून डोकावून तो हे काम शिकला, आणि ते विमानात बसले की त्यांच्या चुका गुपचूप निस्तरत आला.

दोन वर्षांपूर्वी खोलीत नवं यंत्र आलं. पूर्वी काचेच्या एका तंतूतून प्रकाशाचा एकच रंग धावायचा. आता त्याच तंतूतून बत्तीस. प्रत्येक रंगाला एक खण, खणात एक कार्ड. कंपनीनं कार्डं बसवली तीन. उरलेल्या एकोणतीस खणांवर कोऱ्या पत्र्याची झाकणं. दर शुक्रवारी सेतुमाधव ती पिवळ्या फडक्यानं पुसायचा.

आणि कंपनी जगाला सांगत होती, केबल भरली, दर उतरवता येणार नाहीत. याला धंदा म्हणत नाहीत. कोठारात धान्य दडवून दुष्काळाच्या नावानं गळा काढणाऱ्याला जे म्हणतात, तेच म्हणतात.

मंदारनं आवाज खाली आणला. "नवी मोठी खोली उभी राहतेय, काका. प्रमुख म्हणून वरच्यांनी तुमचं नाव काढलंय. आजचा दिवस नीट जाऊ द्या."

त्या खोलीचा नकाशा सेतुमाधवला झोपेतही पाठ होता.

सरकारी नियामकांपुढं दरांची जाहीर सुनावणी हॉटेलच्या हॉलमध्ये होती. कंपनीचे टायवाले साहेब तासभर बोलले. मग मागच्या रांगेतून विजयलक्ष्मी नावाची बाई उठली. तांबरमला कॉलेजसमोर तिचं आठ कॉम्प्युटरांचं नेट सेंटर होतं. ती तमिळमध्ये कडाडली.

"तासाला चाळीस रुपये घेते मी. पोरं नोकरीचा अर्ज अर्धवट टाकून उठतात. केबल भरली म्हणता, भरलेली पाहिली कुणी? तुम्ही पाहिलीत का, टायवाले सार?"

हॉल हसला. अध्यक्षांनी मंदारकडे पाहिलं, मंदारनं सेतुमाधवकडे.

मान हलवायची, एवढंच. सेतुमाधव उभा राहिला. मान हलली नाही.

"मी पाहतो. रोज," तोही तमिळमध्येच म्हणाला. "बत्तीस खण आहेत. तीन भरलेत. एकोणतीस मी दर शुक्रवारी पुसतो. कार्डं घातली की त्याच तंतूतून दहापट जाईल, समुद्रात नवी केबल टाकायला नको. मग महाग कसं? स्वस्तच व्हायला पाहिजे."

अध्यक्षांनी दोन्ही आकडे लिहून घेतले.

जिन्यात मंदारनं त्याला गाठलं. "काय केलंत हे, काका! मान हलवायची ठरली होती ना?"

"हलवणारच होतो, बा. पण पाहिली कुणी म्हणून ती बाई विचारली. अमी पाहिलंय की."

आठवड्यात सेतुमाधवची बदली झाली. चेन्नईजवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर पत्र्याची शेड, वाळूत लोखंडी झाकण, झाकणाखालून जाणारी केबल. काम काय, तर झाकणाची राखण. जाणत्या माणसाला गाडायची हीही एक रीत.

वर्षभरात दर उतरले. विजयलक्ष्मीच्या पाटीवर चाळीसचे पंधरा झाले. स्वस्ताईचे हार टायवाल्यांनी आपल्याच गळ्यात घालून घेतले.

एका सकाळी मंदारचा फोन आला. "काका, कार्डं बसताहेत. तेराव्या खणापर्यंत आलोय."

"तेरावा? डाव्या स्क्रूचे आटे गेलेत त्याचे. दमानं फिरवायला सांग. जोर केला तर पत्रा वाकते."

"सांगतो." मंदार घुटमळला. "काढलेल्या झाकणांचं काय करू?"

"फेकू नको. अस्की, एकूण एक, पुसून ठेव."

शुक्रवार होता. सेतुमाधवनं खिशातलं पिवळं फडकं काढलं आणि लोखंडी झाकणावरची वाळू पुसली. वाऱ्यानं ती परत आणली. त्यानं परत पुसली.