गोरं करायचं चाक

"पांढऱ्यावर प्लस, काळ्यावर मायनस. कॅमेऱ्याले अक्कल नसते पोरी, चाक तूच फिरवजो."

तिला कॅमेरा शिकवणारे तानबा फोटोवाले जाऊन तीन वर्षं झाली, तरी समोर पांढरं काही आलं की समीक्षाला त्यांचा आवाज ऐकू यायचा. आज सगळंच पांढरं होतं. अल्लीपूरच्या विहाराची नुकती रंगवलेली भिंत, नवरीची साडी, नवरदेवाचा सदरा. पहिला फोटो घाईत, चाक शून्यावर असतानाच निघाला. एवढ्या पांढऱ्याला बिचकून कॅमेऱ्याने सगळं मळकट करून टाकलं होतं. नवरीचा, आकांक्षाचा चेहरा तर अंधारात बसल्यासारखा आला होता.

नवरदेवाची आत्या आनंदाबाई तिच्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावली.

"हे काय? कोयसा काढला काय?"

समीक्षाने अंगठ्याने उजेड कमी-जास्त करायचं चाक फिरवलं. प्लस एक. पुन्हा फोटो काढला. भिंत पांढरी झाली, निऱ्या मोकळ्या झाल्या आणि आकांक्षाचा सावळा चेहरा, भुवईवरच्या जुन्या व्रणासकट, होता तसा वर आला.

आनंदाबाईचं लक्ष मात्र अंगठ्याकडे होतं.

"म्हंजे हे गोरं करायचं चाक हाय! मंग एवढंच काऊन फिरवलं?"

"आत्याबाई, गोरं करायचं नाई ते. पांढऱ्या कपड्यानं कॅमेरा..."

"मले नको शिकवू. आमचा आदेश पाय अन् हे पाय. लोकं इचारतीन, पोरगी उन्हात वाळवून आनली का."

मागच्या बाया हसल्या. आदेश घड्याळाचा पट्टा नीट करत राहिला. आकांक्षाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

समीक्षाने चाक तीनपर्यंत नेलं. निऱ्या गेल्या, नाक गेलं, व्रण गेला. दोन डोळे आणि ओठांची लाली तेवढी उरली.

"आता दिसली आमच्या घरची," आनंदाबाई म्हणाली. "अन् पयले दोन मिटव. माह्यासमोर."

समीक्षाने एक मिटवला. दुसऱ्यावर अंगठा थांबला. आनंदाबाई हलली नाही. तोही मिटला.

जेवणाची हाक आली, तशी मंडळी मांडवाकडे गेली. चप्पल शोधायच्या निमित्ताने आकांक्षा मागे राहिली.

"ताई, मायी आई सावंगीच्या दवाखान्यात भरती हाय. उद्या सकाळी ऑपरेशन, आज सहापर्यंतच भेटू देते. आत मोबाईल नेऊ देत नाई, कागदावरचा फोटो चालते म्हने. हा पांढराच फोटो जाईन का तिले?" तिचा हात भुवईकडे गेला. "मी भेटली का आई आधी इथं हात लावते."

समीक्षाने चाक मागे आणलं. एकावर.

"भिंतीजोळ उभी राह्य."

"हासू का?"

"आईकडे पायतं तशी पाय."

एकच फोटो निघाला. स्क्रीन बघताना आकांक्षाचा श्वास ऐकू आला.

"आजच छापून देईन नेऊन," समीक्षा म्हणाली. "सहाच्या आत. तिच्या हातात."

"ओ फोटोवाले बाई! पंगतीचे फोटो कोन काढन?" मांडवातून आनंदाबाई ओरडली. "मुक्कामाले आली काय?"

पंगतीचे फोटो समीक्षाने आनंदाबाईच्या हुकमाप्रमाणे तीनवरच काढले. कुणाच्याच पानात भात दिसेना. मग कॅमेऱ्यातलं कार्ड बदललं, आकांक्षाचा फोटो असलेलं आधीचं रुमालात गुंडाळून ब्लाउजच्या आत ठेवलं आणि मांडवात आवाज जाऊ नये म्हणून स्कूटी विहाराच्या मागून ढकलत सावंगीकडे जाणाऱ्या वर्ध्याच्या रस्त्यापर्यंत नेली. सुरू केली ती तिथे पोचल्यावर.