दूर राहायची खूण

चिंचणीत माझं नाव गणू असलं तरी नाक्यावर मला ‘पाकिस्तानी’ म्हणतात. पोरबंदरच्या बोटीवर खलाशी होतो, समुद्रात हद्द चुकली आणि दोन वर्षं कराचीच्या तुरुंगात काढली. सुटून आलो तेव्हा ज्यांनी हार घातले, तेच आठवड्याभरात विचारायला लागले, "काय रे, तिकडनं काय शिकून आलास?" ज्याचं जळतं त्याला कळतं. बाकीच्यांची नुसती करमणूक.

तिकडे मला जगवलं ते नियाजने. डोंगराकडचा माणूस, तोही कैदीच, भटारखान्यात रोट्या भाजायचा. मी तापाने फणफणलो तेव्हा त्याने चोरून पेज पाजली. आम्हाला एकमेकांशी बोलायची बंदी होती, म्हणून मी त्याला बोटीवरच्या खुणा शिकवल्या. फडकं गरगर फिरवलं की सगळं ठीक. दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले की इथे खडक आहे, दूर राहा. पहारेकरी येताना दिसला की तो दारातून फुली करायचा आणि मी कोठडीच्या खिडकीपासून मागे सरायचो. मी सुटलो त्या दिवशी त्याने चोरून गावाचं नाव सांगितलं आणि म्हणाला, "माझं गाव नदीकाठी आहे, पलीकडे तुमचं काश्मीर. सुटलो तर दर शुक्रवारी नमाजानंतर पुलापाशी उभा राहीन."

तो सुटला की तिथेच मेला, एवढंच मला बघायचं होतं. २०१८च्या जूनमध्ये मासेमारी बंद झाली, बोटी वर ओढल्या, आणि मी सायकल काढली. आगगाडीत बसवत नाही. दार लागलं की छातीवर धोंडा येतो. बायको चंद्रावती कडाडली, "त्या मेल्यासाठी परत मरायला चालले काय? गेलात तर या घराची पायरी चढू नका!" तिनेच सुकवलेल्या बोंबलांचं पुडकं मी नियाजसाठी उचललं आणि निघालो.

तलासरी ओलांडून गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाड नाक्यावर पोहोचेपर्यंतच जीव नकोसा झाला. बोंबलांच्या वासापायी ढाब्यावर बसू दिलं नाही. "आघो जा, वास मारे छे!" पोलिसाने पिशवी रस्त्यावर उपडी केली. "सायकलवर काश्मीर? कोणाला येडा बनवतो?" पुढे राजस्थान, पंजाब, सगळीकडे तेच. कुठून आलास, कार्ड दाखव, इथे झोपू नकोस. मीही दिल्या शिव्या, पोटभर.

डोंगरातल्या चौक्यांवर हातापाया पडत शेवटी एका शुक्रवारी नदीवर पोहोचलो. पूल बंद. गोळीबार झाल्यापासून काटेरी तार लावलेली. जवान म्हणाला, "दूर से देख और निकल. हाथ मत हिलाना."

पलीकडच्या काठावर चारपाच माणसं होती. त्यांतला एक लंगडत पुढे आला. नियाजच! मला राहवलं नाही. गळ्यातला पंचा काढला आणि गरगर फिरवला.

जवानाने माझी मान धरली. पलीकडे नियाज थबकला. त्याच्यामागे दोन वर्दीवाले धावत येत होते. त्याने दोन्ही हात वर नेले आणि डोक्यावर फुली केली.

बोटीवर त्या खुणेला कोणी का म्हणून विचारत नाही. जवानाने ढकलून दिलं तशी मी सायकल वळवली. वाटेभर त्यालाच शिव्या घातल्या. एवढ्या लांब आलो आणि त्यानेही हाकललंच.

घरी आलो तेव्हा चंद्रावती पायरीवर बसून जाळं उकलत होती. पायरी चढू दिली नाही. कॅरियरवरचं पुडकं तसंच बघून म्हणाली, "नाय ना भेटला? मी सांगितलं होतं."

मी दोन्ही हात डोक्यावर धरून फुली केली.

ती कोळ्याची पोर. बघत राहिली. मग जाळं खाली ठेवलं.

"त्यानं केलं असं?"

मी मान हलवली.

"मंग जिता हाय," ती म्हणाली. "आणि तुमाला वाचवतोय अजून."

तेव्हा कुठे मला रडू फुटलं. चंद्रावती पायरीवरून बाजूला सरकली.